दार उघडं ठेवून लॉक करून बघा

हँडल वर उचललं की मध्येच अडतं. मग खांद्याने दार रेटायचं, दुसऱ्या हाताने हँडल ओढायचं, आतून 'कट्' असा आवाज आला की लागलं एकदाचं. डबल ग्लेझिंगच्या, म्हणजे दुहेरी काचेच्या, यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकच्या) दारांची लॉकं बहुतेक अशी हळूहळू मरतात. शेवटी हँडल नुसतंच गरगर फिरायला लागलं की लोक म्हणतात, लॉक गेलं. लॉक गेलेलं असतं हे खरं, पण बिघाड सुरू झालेला असतो दुसरीकडेच.

म्हणून काहीही विकत आणण्याआधी एक चाचणी करा. दार पूर्ण उघडा. ते मोकळं असताना हँडल उचला, किल्ली फिरवा. दाराच्या कडेतले आकडे, बोल्ट आणि रोलर सगळे लोण्यासारखे सरकले, पण दार लावल्यावर तेच हँडल अडतंय, तर लॉक ठणठणीत आहे. पल्ला खाली आलाय किंवा वाकडा झालाय, आणि बोल्ट चौकटीवरच्या स्ट्राइकच्या (बोल्ट अडकवून घेणाऱ्या पत्र्याच्या) भोकात न शिरता कडेवर आपटतायत. दार उघडं असतानाही हँडल जड जात असेल, तरच दोष लॉकच्या आत आहे. हे न बघता नवं लॉक बसवलं, तर खाली आलेल्या पल्ल्यात तेही त्याच वाटेने जाणार.

नेमकं कुठे अडतंय हे बघायला खडू पुरतो. आकड्यांवर आणि बोल्टवर खडू चोळा, दार लावून हँडल हलकेच उचला आणि परत उघडा. स्ट्राइकवर खडूचा ठसा कुठे उमटलाय ते बघा. भोकाच्या खालच्या कडेवर ठसा असेल, तिथला पत्रा घासून चकचकीत झाला असेल, तर पल्ला खाली बसलाय. स्ट्राइकच्या पुढच्या कडेवर ठसा असेल, तर पल्ला गॅस्केटवर, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीवर, पुरेसा दाबला जात नाहीये, किंवा वाकलाय.

पल्ला खाली बसतो तो काचेच्या वजनाने. काचेचं गणित सोपं आहे: दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. ४ मिमीच्या दोन काचा म्हणजे चौरस मीटरला २० किलो. दीड चौरस मीटरच्या दारात ३० किलो नुसती काच, आणि ती एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लटकलेली. पल्ल्याची पीव्हीसीची चौकट एवढा भार एकटी पेलू शकत नाही. ती तोलली जाते काचेनेच, पण काचेच्या कडेला प्लॅस्टिकचे पॅकर (टेका देणाऱ्या चकत्या) योग्य जागी असतील तरच. बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक टेका आणि तिथून तिरका वर, लॉककडच्या वरच्या कोपऱ्यात दुसरा. या कर्णात काच घट्ट अडकली की ती तिरक्या टेकूसारखं काम करते आणि पल्ला झुकत नाही. पॅकर घसरले किंवा मुळात घातलेच नसतील, तर लॉककडची बाजू खाली येते. पल्ल्याचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यापासून लॉकच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण दुसऱ्यापेक्षा लहान निघाला, तर दुखणं इथेच आहे.

अशा वेळी बिजागऱ्या पिळत बसू नका. आधी पॅकिंग. बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, काढताना सर्वांत लांब पट्टीपासून सुरुवात करा, तीही मधोमध, कारण लांब पट्टी मधून वाकते आणि तिची टोकं आपोआप मोकळी होतात. पातळ पण ताठ पातं बीडिंग आणि चौकट यांच्या सांध्यात घालायचं. बीडिंग आणि काच यांच्यामध्ये अजिबात नाही, तिथे जोर दिला की काच तडकते. प्रत्येक पट्टीच्या मागे पेन्सिलने तिची जागा लिहून ठेवा. चारही सारख्या दिसतात, पण परत बसवताना एकीचं टोक अर्धा मिलिमीटर आडवं येतंच. काच पूर्ण बाहेर काढायची गरज नसते, पण ती सुटी झालेली असते, म्हणून दुसऱ्या माणसाने ती धरून राहायचं आणि दोघांनी हातमोजे घालायचे.

आता बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात, कोपऱ्यापासून साधारण ५० ते १०० मिमी अंतरावर, काचेच्या खाली आणि बाजूला पॅकर नीट बसलेत ना ते बघा. मग लॉककडे वरच्या कोपऱ्यात काच आणि पल्ल्याची चौकट यांच्यामध्ये चपटी प्लॅस्टिकची तरफ घालून चौकट हलकेच बाहेर ढकला आणि जागा होईल तसे पॅकर सरकवा. एक एक मिलिमीटर वाढवत जा. दर वेळी दार लावून बघा. लॉककडची बाजू वर येताना डोळ्यांना दिसते. दोन गोष्टी इथे नेहमी चुकतात. पहिली म्हणजे पॅकर काचेच्या युनिटच्या, म्हणजे सील केलेल्या दोन काचांच्या जोडीच्या, पूर्ण जाडीइतका रुंद हवा, युनिट २४ मिमी असेल तर निदान २४. अरुंद पॅकरवर एकच काच टेकते, दुसरी लोंबकळते आणि दोघींमधलं सील फाटतं. मग दोन काचांच्या मध्ये वाफ धरते, आणि ती कोणत्याही पुसण्याने जात नाही. युनिटच बदलावं लागतं. दुसरी चूक म्हणजे खालचा पॅकर पाणी वाहून जायच्या भोकावर बसवणं. बीडिंग परत लावताना आधी आखूड पट्ट्या, मग लांब, आणि नायलॉनच्या हातोड्याने. कडाक्याच्या थंडीत हे काम टाळलेलं बरं, पीव्हीसी ठिसूळ होतं आणि पट्टी मोडते.

उरलेला एखाद-दोन मिलिमीटरचा फरक बिजागरीवर काढायचा. वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं की आत ॲलन कीचे (षटकोनी किल्लीचे) स्क्रू दिसतात, बहुधा ४ किंवा ५ मिमीचे. एक उंचीसाठी, एक आडव्या सरकवणीसाठी, काही बिजागऱ्यांत गॅस्केटवरच्या दाबासाठी तिसरा. उंची वाढवताना सगळ्या बिजागऱ्या सारख्याच फिरवा, अर्धा फेरा इथे, अर्धा तिथे. एकीलाच वर नेलं तर सगळं वजन तिच्यावर येतं आणि तिची खुंटी झिजते. लॉकची बाजू किंचित उचलायची असेल तर उंचीला हात न लावता वरची बिजागरी चौकटीकडे ओढा आणि खालची थोडी बाहेर सोडा. स्ट्राइकचं भोक कानशीने मोठं करणं हा मात्र उपाय नाही. पल्ला आणखी खाली येणारच असतो, कानस त्याला फक्त वाट करून देते.

उन्हाचंही लक्षात ठेवा. पीव्हीसीचा प्रसरणांक साधारण ७० ते ८० दशलक्षांश प्रति अंश आहे. म्हणजे आत पोलाद नसलेली २ मीटरची पट्टी ३० अंश तापली की ४ मिमीहून जास्त वाढते. पोलादाच्या पट्टीमुळे प्रत्यक्षात फरक कमी पडतो, पण गडद रंगाचं दार एका बाजूने तापून धनुष्यासारखं वाकतं. फक्त दुपारी अडणाऱ्या दाराची जुळवणी भर दुपारी केली, तर ते रात्री सैल पडतं. सावलीत, पल्ला निवल्यावर जुळवा.

आता लॉकच खरंच गेलं असेल तर. हँडलच्या मागे जो गिअरबॉक्स असतो तोच बहुधा मोडतो, दाराच्या कडेची लांब पट्टी आणि आकडे शाबूत असतात. रेटून रेटून त्यातला ओतीव जस्ताचा भाग चिरतो किंवा स्प्रिंग तुटते. बऱ्याच लॉकांत गिअरबॉक्स पट्टीपासून वेगळा निघतो, तेव्हा पूर्ण पट्टी घेण्याआधी जोड बघा. काढायचा क्रम: आधी सिलिंडर (किल्ली घालायचा भाग), मग हँडल, मग दाराच्या कडेचे स्क्रू. नवा घेताना चार मापं लागतात. पट्टीच्या दर्शनी पृष्ठभागापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे बॅकसेट, बहुधा २८, ३५ किंवा ४५ मिमी. हँडलच्या चौकोनी दांडीच्या मध्यापासून सिलिंडरच्या मध्यापर्यंतचं अंतर, सर्वांत जास्त आढळणाऱ्यांत ९२ मिमी. दांडीची जाडी, दारात सहसा ८ मिमी. आणि पट्टीची रुंदी, १६ किंवा २०. हँडलचे स्क्रू कुठे येतात तेही मोजून ठेवा. दांडी आणि सिलिंडर जुळूनही हँडल बसत नाही असं होतं. गिअरबॉक्स जोडताना तो आणि पट्टी दोन्ही 'उघड्या' स्थितीत असू द्या, नाहीतर आकडे अर्धवट बाहेर राहतात. आणि पहिली चाचणी पुन्हा दार उघडं ठेवूनच. नव्या लॉकची पहिली फेरी दार बंद करून घेतली आणि काही चुकलेलं असलं, तर ते दार उघडणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं.

हँडल खाली लोंबतंय, पण लॉक चालतंय? हँडल काढा, दांडी पक्कडीने फिरवून सोडा. ती झटकन परत आली तर गिअरबॉक्सची स्प्रिंग चांगली आहे, हँडलची मेली आहे; हँडलच बदला. काही गिअरबॉक्समध्ये स्प्रिंग नसतेच, तिथे हँडल स्प्रिंगवालं असावंच लागतं. हे न बघता साधं हँडल आणलं की ते पहिल्या दिवसापासून लोंबतं.

फक्त किल्ली जड जात असेल तर सिलिंडर काढून हातात घेऊन फिरवा. दाराच्या कडेला सिलिंडरच्या रेषेत एक लांब एम ५ स्क्रू असतो. तो काढायचा, किल्ली १०-१५ अंश फिरवायची म्हणजे आतली जीभ सिलिंडरच्या अंगाशी सपाट होते आणि तो सरकून बाहेर येतो. हातात मोकळा फिरला तर दोष त्याचा नाही. पुष्कळदा हा स्क्रू जास्त आवळल्यानेच सिलिंडर तिरका खेचला जाऊन किल्ली अडते, पाव फेरा सैल करून बघायला काही जात नाही. नवा घेताना स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंतची मापं वेगवेगळी घ्या, उदाहरणार्थ ३५ आणि ४५, आणि बाहेरची कोणती ते दुकानात स्पष्ट सांगा. बाहेरच्या बाजूने तो हँडलच्या पट्टीपुढे ३ मिमीपेक्षा जास्त डोकावू नये. स्क्रूच्या भोकापाशी सिलिंडर सर्वांत कमजोर असतो, आणि बाहेर आलेलं टोक पकडून तो तिथेच मोडता येतो.

खिडक्यांचं काम दारांपेक्षा सोपं. हँडल हलत असेल तर टोपणाखालचे स्क्रू आवळा, बस. फिरून गेलेलं हँडल बदलताना चौकोनी दांडी ७ मिमीचीच असते, पण तिची लांबी हँडलच्या बुडापासून टोकापर्यंत मोजायची. आखूड दांडी गिअरबॉक्सला जेमतेम पकडते आणि काही दिवसांत तिथलं चौकोनी भोक गोल करून टाकते. लांब असली तर हँडल पृष्ठभागाला टेकत नाही, मग ती हॅकसॉने कापा. ज्या हँडलला दांडीच नसते, नुसतं नाक चौकटीवरच्या पाचरीवर चढतं, त्याचं माप वेगळं: बुडापासून नाकाच्या खालच्या पृष्ठभागापर्यंतची उंची.

खिडकीच्या बिजागऱ्या म्हणजे फ्रिक्शन स्टे. पट्टी वाकली, रिव्हेट ढिला झाला किंवा सरकणारा ठोकळा झिजला की खिडकी वाऱ्याने आपटते किंवा लागताना कोपरा अडतो. आधी ठोकळ्यावरचा छोटा स्क्रू किंचित आवळून बघा. नाही भागलं तर जोडीच बदला, एक नवी आणि एक झिजलेली लावली की पल्ला तिरका ओढला जातो. माप चौकटीवरच्या पट्टीचं घ्यायचं, ८ इंचांपासून २४ इंचांपर्यंत, म्हणजे सुमारे २०० ते ६०० मिमी. बंद स्थितीतली जाडी १३ मिमी की १७, हे दुसरं माप, आणि इथेच सगळे चुकतात: जाडी चुकली की खिडकी एक तर लागत नाही किंवा फटीतून वारा येतो. वर टांगलेल्या आणि बाजूने उघडणाऱ्या खिडकीचे स्टे वेगळे असतात, एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आगीत बाहेर पडण्यासाठी पूर्ण उघडणाऱ्या खिडकीला त्याच प्रकारचा स्टे परत लावा. काढण्याआधी जुन्या पट्टीभोवती पेन्सिलने रेघ मारा, आणि दुसऱ्या माणसाने पल्ला धरल्याशिवाय शेवटचा स्क्रू काढू नका.

खिडकी बंद असतानाच गिअरबॉक्स मोडला तर हँडल काढा आणि भोकात ७ मिमीची सळई घालून, आतल्या बाजूला किंचित दाब देत फिरवा. अर्धवट चिरलेला भाग कधी कधी असा पकडतो. त्याच वेळी दुसऱ्याने रोलर असतील त्या जागी पल्ला आत दाबून धरायचा, म्हणजे रोलरवरचा ताण उतरतो.

आटे गेलेल्या भोकात काडीपेटीच्या काड्या कोंबू नका, पीव्हीसीत त्या धरत नाहीत. ४.३ मिमीचा स्क्रू होता तिथे ४.८चा स्टेनलेस स्क्रू लावा, किंवा स्टे दोन-तीन मिलिमीटर सरकवण्याइतकी जागा असेल तर नवी भोकं पाडा.

तेलाचं म्हणाल तर आकडे, रोलर आणि रिव्हेट यांना हलक्या तेलाचा थेंब. सिलिंडरमध्ये मात्र ग्रॅफाइट किंवा कोरडं पीटीएफई (टेफ्लॉन); ओलं तेल धूळ धरतं आणि आतल्या पिना चिकटतात. फ्रिक्शन स्टेच्या सरकणाऱ्या ठोकळ्याला तेल अजिबात नाही, तो घर्षणावरच खिडकी धरून ठेवतो. त्याची पट्टी ब्रशने झाडायची, इतकंच.