कामाचा वीट येतो तेव्हा

झोपून उठल्यावर जातो तो थकवा. पण रविवारी दुपारपर्यंत झोपूनही दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची किल्ली हातात घेताना पोटात गोळा येत असेल, आणि हे महिनोन्महिने चाललं असेल, तर ते प्रकरण वेगळं आहे. त्याच्याबद्दल आपल्याकडं कुणी धड बोलत नाही. ओळखीतल्या दोघीतिघींनी मधे विचारलं की तू यातून बाहेर कशी आलीस, फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका मशिनशॉपमध्ये क्वालिटीला आहे, कंपनीचं नाव नको. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेला धातूचा भाग येतो, त्याचं मशिनिंग होतं, म्हणजे मशिनवर कापून त्याला नेमकं माप दिलं जातं, आम्ही तपासतो आणि गाडी पुण्याकडं जाते. तिकडं चाकणला कस्टमरच्या लाईनवर एखाद्या पीसमध्ये ब्लोहोल (ओतताना आत राहिलेली हवेची पोकळी) निघालं की त्याचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, रात्री अकराला पण येतो. मग तो लॉट कधीचा ते शोधा, इथला माल थांबवा, तिकडं सॉर्टिंगला माणूस पाठवा, दुसऱ्या दिवशी व्हाय-व्हाय ॲनालिसिस (का झालं, का झालं असं विचारत मुळापर्यंत जायचं), एट-डी रिपोर्ट (कंप्लेंटला आठ टप्प्यांत द्यायचं लेखी उत्तर), आणि हे चालू असताना रोजचं काम आहेच. मला हे काम आवडायचं. डिप्लोमा झाल्यापासून मी हेच केलंय, आणि डिफेक्ट बघून हा वाळूमुळं आलाय का धातू थंड पडल्यामुळं, हे नेमकं ओळखता आलं की दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटायचं.

म्हणूनच सुरुवातीला कळलं नाही. अंग दुखणं, डोकं दुखणं, पित्त, हे तर एमआयडीसीत प्रत्येकाला असतं. मला जे झालं ते असं की हळूहळू कशाचंच काही वाटेनासं झालं. रिजेक्शन वाढलं तरी काही नाही, कमी झालं तरी काही नाही. आमच्याकडं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर, एक वयस्कर ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांच्या मुलीच्या ॲडमिशनपासून म्हशीच्या दुधापर्यंत सगळं ते मला सांगायचे. ते एक दिवस म्हणाले, "मॅडम, तुमी आता पयल्यासारखं बोलत न्हाईसा, नुस्ता पीस बघतासा आन जातासा." मी हसून वेळ मारून नेली पण घरी येईपर्यंत ते डोक्यात होतं. खरंच मी माणसांशी बोलायचं बंद केलं होतं. कुणी समोर आलं की वाटायचं, झालं, आता हा काहीतरी काम सांगणार.

आणि 2021 च्या जुलैतला महापूर. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, रस्ता बंद झाला, कंपनीतून मेसेज आला की येऊ नका. गावात लोकांच्या घरात पाणी शिरलेलं, मावशीचं सामान आम्ही रात्रीत वरच्या मजल्यावर नेलेलं, सगळीकडं नुसती पळापळ, आणि तरी तो मेसेज वाचून मला केवढं हायसं वाटलं! कामाला जायला नको म्हणून पुराचा आनंद व्हावा? त्या रात्री मला पहिल्यांदा भीती वाटली की आपलं काहीतरी बिनसलंय.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की याला रीतसर नाव आहे आणि ते आजचं नाही. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1974 मध्ये 'बर्नआउट' या विषयावर पेपर लिहिला. तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करायचा, दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस आणि संध्याकाळी तिथं, आणि तिथं मोठ्या तळमळीनं आलेले लोक काही काळानं कसे विझून जातात हे त्यानं बघितलं, त्याला स्वतःलाही तेच झालं होतं. मला यातलं सगळ्यात लागलं ते हे की जो जीव ओतून करतो त्यालाच हे जास्त गाठतं. पुढं ख्रिस्तीना मास्लाक यांनी ते मोजायची पद्धत काढली, 1981 मध्ये. आणि 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आयसीडी-11 मध्ये, म्हणजे आजार आणि आरोग्याच्या इतर बाबींच्या त्यांच्या यादीत, त्याची व्याख्या दिली. त्यात तीन गोष्टी सांगितल्यात: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्याला काही जमत नाही असं वाटायला लागणं. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय, म्हणजे माणसासोबत काम पण तपासायला पाहिजे.

ही मधली गोष्ट, मन तुटणं, ती ओळखायला शिका. थकलेला माणूस सगळ्यांना दिसतो. मन तुटलेला माणूस वेळेवर येतो, रिपोर्ट भरतो, मीटिंगला मान हलवतो, आणि लोक म्हणतात किती शांत झाली बघ.

मी आधी फॅमिली डॉक्टरांकडं गेले आणि तुम्ही पण आधी तेच करा, कारण हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉइड असेल, बी-ट्वेल्व्ह कमी असेल तरी असंच गळून गेल्यासारखं होतं. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या चालू केल्या, चढायला दम लागायचा तो थांबला, पण सकाळचा पोटातला गोळा तसाच. मग रजा टाकली. फोंडा घाट उतरून मालवणला गेलो, पोरगी पाण्यात खेळली, मासे खाल्ले, छान झोप लागली, सगळं खरं. परत येऊन कंपनीच्या गेटमधून आत गेले आणि दुपारपर्यंत सुट्टी कुठल्या कुठं गेली. रजा घ्यावी, जरूर घ्यावी, पण जिथं पाय भाजतोय तिथंच परत पाय ठेवायचा असेल तर नुसत्या रजेनं भागत नाही.

घरी सांगणं सगळ्यात अवघड गेलं. नवरा म्हणाला, लोकांना नोकऱ्या मिळेनात आणि तू हे काय घेऊन बसलीयास. त्याचा राग नाही, घराचा हप्ता आम्ही दोघं मिळून भरतो, त्याला भीती वाटली. सासूबाई म्हणाल्या, "आमी रानात एवढं राबलो, तवा कुटं काय झालं?" यावर मी बरेच दिवस विचार केला, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांचं राबणं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. पण दिवस मावळला की भांगलण थांबायची, आणि उसाचा फोटो रात्री अकराला कुणी पाठवत नव्हतं. हेच मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग त्यो फोन बंद कर की." आणि खरं सांगते, सगळ्या वाचनापेक्षा हा सल्ला जास्त कामी आला, फक्त तो मला एकटीला अंमलात आणता येण्यासारखा नव्हता.

म्हणून मी एक वही केली. रोज संध्याकाळी लिहायचे की आज काय काय केलं, कुणी सांगितलं, आणि ते माझं काम होतं का. आठवडाभर लिहिल्यावर जे दिसलं त्यानं मलाच धक्का बसला. तासांचा हिशोब साठच्या पुढे जात होता. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2021 चा अभ्यास सांगतो की आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या मानानं, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. पण तासांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त टोचली. महिनाअखेरीला डिस्पॅच गाठायचा म्हणून संशयातला माल पुढं सोडायचा निर्णय माझा नसायचा, मी होल्डचा टॅग (हा माल थांबवा अशी चिठ्ठी) लावलेला असायचा, तो वरच्या साहेबांच्या सांगण्यावरून निघायचा, आणि कस्टमरची कंप्लेंट आली की उत्तर द्यायला मी. जबाबदारी माझी आणि अधिकार दुसऱ्याचा. मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी बर्नआउटची सहा मुळं सांगितलीत: कामाचा बोजा, कामावर आपला ताबा, मिळणारा मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय, आणि आपल्या मनाला पटतं ते आणि करावं लागतं ते यातलं अंतर. मी बोजा बोजा करत होते, आणि माझा खरा काटा ताबा आणि न्याय इथं होता. तुमचा कुठं आहे ते शोधा, कारण त्यावर उपाय ठरतो. ज्याला पगार कमी पडतोय त्याला प्राणायाम सांगून काही उपयोग नाही.

वही घेऊन प्लांट हेडकडं गेले. रडगाणं गायचं नाही असं ठरवून गेले, फक्त आकडे आणि तीन मागण्या. एक, रात्रीचे फोन क्वालिटी, प्रॉडक्शन आणि मेंटेनन्स असे पाळीनं घ्यायचे. दोन, होल्डचा टॅग काढायचा असेल तर काढणाऱ्यानं सही करायची. तीन, रिपोर्टच्या टायपिंगला एक ट्रेनी. पहिली लगेच मिळाली, तिसरी दिवाळीनंतर मिळाली, दुसरी अजून अर्धीच मिळालीय. सही करतात, पण महिनाअखेरीला 'नंतर करतो' चालूच आहे. तरीसुद्धा ज्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्या कुणाची सही त्या कागदावर बघितली त्या दिवशी छातीवरचं काहीतरी उतरलं. सगळ्यांचे साहेब ऐकतीलच असं नाही, मला माहीत आहे. नाही ऐकलं तर दुसरी नोकरी बघणं हा पळपुटेपणा नाही, माझा बायोडाटाही तेव्हा तयार होता.

बाकी स्वतःपुरतं जे केलं ते साधं आहे. ग्रुप म्यूट, पाळी नसेल त्या रात्री फोन बाहेरच्या खोलीत. आठवड्यातून तीनचार संध्याकाळी रंकाळा तलावावर चालायला, हेडफोन न लावता, कारण हेडफोन लावला की मी परत कुणाला तरी फोन करते. सीझनला भावासोबत शाहू स्टेडियमला फुटबॉलची मॅच, तिथं घसा बसेपर्यंत ओरडता येतं आणि त्यातून कुणाचं काही साध्य व्हायचं नसतं, तेच हवं होतं. आणि झोप. आपल्या कोल्हापुरात तरी विश्रांती म्हणजे आळस असं कुणी म्हणू नये, तालमीतला वस्ताद पोराला जोर-बैठका मारायला लावतो तसाच खुराक झाल्यावर झोपायलाही लावतो, ती झोप मेहनतीतच धरली जाते.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. हे सगळं कामापुरतं असेल, घरी पोरात रमत असाल, जेवणाची चव लागत असेल, तर काम बदलून फरक पडतो. पण कशातच रस राहिला नसेल, रात्र रात्र झोप नसेल, सारखं रडू येत असेल, तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला डॉक्टरच लागतो. जगून काय करायचं असा विचार एकदा जरी आला तरी थांबू नका. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, नंबर 14416, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. मी स्वतः एका समुपदेशक बाईंकडं काही महिने जात होते आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठंही क्वालिटीत असाल आणि रात्रीच्या फोनची पाळी लावायची असेल तर आमचा तक्ता मी देते. एका पानाचा आहे, सुट्टीच्या दिवशी कुणी घ्यायचे आणि कुठल्या कंप्लेंटला खरंच रात्री उठायचं, कुठली सकाळपर्यंत थांबते, ते पण त्यात लिहिलंय. साहेबांसमोर ठेवायला छापील कागद असला की बोलणं सोपं जातं.