चहाच्या आधीचा पाऊण तास

सकाळी सहाला उठायचं, उशाशी ठेवलेल्या बाटलीतनं एक बारीक गोळी काढायची, दोन घोट पाण्याबरोबर गिळायची आणि मग पाऊण तास चहा नाही. ऐकायला काहीच वाटत नाही हे. पण आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरात सव्वासहालाच आल्याचा वास माडीपर्यंत येतो, आत्याबाई आपला चहा बशीत ओतून फुर्र फुर्र करून पितात आणि मी समोर रिकाम्या हातानं घड्याळाकडं बघत बसलेली. दोन वर्षं झाली आता. या पाऊण तासात दुसरं काही सुचत नाही म्हणून मी विचार करते, आणि तो बहुतेक या थायरॉईडच्या गोळीचाच असतो.

आधी कसं होतं, की प्रत्येक गोष्टीला घरात कारण तयार होतं. थंडी वाजते? बेळगाव आहे, वाजणारच. पण मी एप्रिलातसुद्धा पायमोजे घालून झोपायची आणि पोरगा पंखा लावायला गेला की भांडण. वजन सहा किलो वाढलं ते कुंद्यावर, आमच्या इथल्या दुधाच्या मिठाईवर, ढकललं, बिचारा कुंदा, महिन्यातनं एकदा पाव किलो येतो आणि खाणारी आम्ही पाच माणसं. केस गळतात तर बोअरचं पाणी, आवाज घोगरा झाला तर पाऊस, गॅसवर दूध ठेवून विसरले तर वय. आणि दुपारी हातापायातला जीव गेल्यासारखं होऊन जरा आडवी झाले की आत्याबाई दारातनं, "काय करूलैस गे? दिवसाढवळ्या झोपलेली बाई बघून लक्ष्मी माघारी जाते." मग मलापण पटलं की मी आळशी झाले. त्याचंच अजून जास्त लागतं बघा, दुखणं होतं आणि मी ते स्वतःचा स्वभाव समजून दोन-अडीच वर्षं स्वतःलाच शिव्या घालत बसले.

शेवटी रक्त तपासलं ते भलत्याच कारणासाठी, कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणून. डॉक्टरीणबाई रिपोर्टवर नजर टाकून म्हणाल्या, "थायरॉईड ऐतिरी अक्का, टेन्शन तगोब्याड्री." म्हणजे थायरॉईड आहे, टेन्शन घेऊ नका. आता थायरॉईड ही ग्रंथी, ते सगळ्यांनाच असतं की, गळ्यात पुढच्या बाजूला, फुलपाखरासारखं, जेमतेम वीस ग्रॅमचं. पण आपल्याकडं ते बिघडलं तरच 'आहे' म्हणतात. माझं होतं ते नीट चालत नव्हतं, आणि चालत नव्हतं कारण माझ्याच शरीरातली पोलीस पार्टी, म्हणजे रोगप्रतिकारक शक्ती, त्याच्यावर लाठीमार करत होती. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरनं 1912 मध्ये या दुखण्याचं वर्णन करून ठेवलंय, त्याचंच नाव या आजाराला.

रिपोर्टात टीएसएचचा आकडा चारच्या आसपासपर्यंत चालतो म्हणे, माझा अठरा. आत्याबाई म्हणाल्या, "वाढलंय म्हणजे जोरात चाललंय की! मग अंग का हलत नाही?" त्यांची चूक नाही, सगळेच इथं फसतात. टीएसएच हे थायरॉईडचं नव्हेच, ते मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीचं, थायरॉईडला कामाला लावायला मारलेली हाक. खालनं आई हाक मारते, माडीवरनं ओ येत नाही, मग ती अजून मोठ्यानं मारते, अजून मोठ्यानं, शेवटी गल्ली जमा होते, तसलं ते. आकडा अठरा म्हणजे खालची ओरडून ओरडून दमली आणि वरची ढिम्म. काम जोरात असतं तर हाक मारायचीच गरज पडली नसती, आकडा खाली आला असता.

बाकी हा सगळा कारभारच हाका मारायचा आहे. शाळेत 'संप्रेरक' म्हणून व्याख्या पाठ केली, मार्क पडले, विसरलो. हार्मोन हा शब्द स्टार्लिंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं 1905 मध्ये वापरात आणला, ग्रीकमधनं उचलून, अर्थ हलवून जागं करणे असा काहीतरी. पण मला ते खरं कळलं आमच्या सीबीटीवर, बस स्टँडात. लाऊडस्पीकरवर कन्नडात सूचना होते, ती ऐकू सगळ्यांना येते, पण खानापूर म्हटलं की खानापूरवालेच पिशव्या उचलून पळतात, बाकीचे शेंगा सोलत बसतात. रक्तातनं हार्मोन सगळीकडं फिरतं, पण ज्या पेशीला त्याचं नाव ओळखू येतं तीच उठते. थायरॉईडच्या हाकेला मात्र जवळजवळ सगळेच उठतात, हृदय, आतडी, कातडी, केसाची मुळं, मेंदू. म्हणून ते मंदावलं की एकच जागा दुखत नाही, सगळीच माणसं उशिरा कामावर येतात, आणि कुणालाच संशय येत नाही.

लोकांना हार्मोन म्हटलं की एकच आठवतं, वयात येणं नाहीतर पाळी जाणं. आमच्याकडं बायका बोलताना 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात (मीपण म्हणतो, लिहिताना तेवढी शहाण्यासारखी 'आले, जेवले' करते), त्यावर पुण्याची मावसबहीण म्हणाली होती, तुमच्या बेळगावातच हार्मोनचा घोळ आहे. हसलो आम्ही. मग तिलाच चार महिन्यांनी तीच गोळी चालू झाली.

गोळी 50 मायक्रोग्रॅमची. बाकी सगळी पांढरी पूड, औषध एवढंच. हिशोब केला एकदा चहाची वाट बघत, एक ग्रॅम औषध मला 20,000 दिवस पुरेल, म्हणजे जवळजवळ 55 वर्षं. सोनाराच्या जुन्या मापात जेमतेम एक मासा! एवढ्यावर बाईचं पुढचं सगळं आयुष्य. 1891 मध्ये इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरनं अशाच एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा रस सुईनं दिला, आणि ती पुढं 28 वर्षं जगली. आता मेंढी लागत नाही, कारखान्यात होतं. पण ते रिकाम्या पोटीच नीट शोषलं जातं, चहा-कॉफी आडवी येते, लोहाची नि कॅल्शियमची गोळी तर चार तास लांब ठेवायची. म्हणून हा पाऊण तास.

शेजारणी सल्ला द्यायला बसलेल्याच. एक म्हणाली आयोडीनचं मीठ जास्त खा, पण माझ्या आजारात आयोडीन कमी नव्हतंच, नुसतं बीपी वाढलं असतं. दुसरीनं कोबी बंद करायला सांगितला. शिजवलेला कोबी मी खुशाल खाते, आवडत नाही तरी.

एक गाढवपणा मात्र मी केला. निपाणीला पुतणीच्या लग्नात चार दिवस गोळी विसरले आणि काहीच झालं नाही. ती अंगात आठवडाभरात कुठं निम्मी उतरते, कळणार कसं? मला वाटलं बरी झाले, बाटली कपाटात टाकली. सहा आठवड्यांनी माडीच्या जिन्यात मधल्या पायरीवर बसलेली सापडले, वर कशाला निघाले होते तेही आठवेना. यावेळी आत्याबाई लक्ष्मीचं काही बोलल्या नाहीत. बाटली शोधून माझ्या उशाशी ठेवली, तांब्यापण त्याच भरतात तेव्हापासनं.

आता आकडा तीनावर आलाय. एप्रिलात पंखा लागतो. पोटात कावळे मात्र सहालाच ओरडतात, तेही म्हणे एक हार्मोनच, घ्रेलिन, रोजची खायची वेळ झाली की आपोआप वाढतं. त्याला कोण सांगणार गोळीचं. समोर बशीतनं वाफ येते, आत्याबाई तोंड पुसत विचारतात, "अजून किती हाय गे?"

"बारा मिनिटं."

"मग मी दुसरा ठेवतो," म्हणत त्या उठतात.