राष्ट्राध्यक्षावर तोंडसुख, शेजाऱ्याशी अबोला

2022 च्या उन्हाळ्यात इथे अमेरिकेत, आमच्याकडच्या पेट्रोल पंपांवर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन चिकटलेले असायचे. तळहाताएवढं स्टिकर, त्यात ते बोट दाखवत उभे, आणि बोट नेमकं किमतीच्या आकड्याकडे. खाली लिहिलेलं, ‘हे मी केलं!’ पंप चालवणारे गुजराती भाई संध्याकाळी ब्लेड घेऊन खरवडायचे आणि सकाळी पुन्हा नवे बायडेन हजर. जूनमध्ये देशभरातला सरासरी भाव गॅलनला 5 डॉलरच्या वर गेला होता. लिटरचा हिशेब केला तर साधारण शंभर रुपये. तेव्हा मुंबईत त्याहून महाग मिळत होतं. पण हे इथल्या माणसाला सांगून उपयोग नाही.

युक्रेनचं युद्ध, कोविडनंतर एकदम वाढलेली मागणी, बंद पडलेल्या रिफायनऱ्या ही सगळी कारणं टीव्हीवर रोज सांगत होते. पण एवढं सगळं स्टिकरवर मावत नाही. माझी एक डेमोक्रॅट मैत्रीण मात्र मोठ्या चिकाटीने समजवायची, की तेलाचे भाव जागतिक बाजार ठरवतो, राष्ट्राध्यक्षाच्या हातात फार थोडं असतं. अगदी बरोबर होतं तिचं. मग 2025 च्या मार्चमध्ये अंडी डझनाला 6 डॉलरच्या पुढे गेली, आणि तसंच स्टिकर आलं, फक्त आता चेहरा डोनाल्ड ट्रम्प यांचा. बर्ड फ्लूने कोंबड्या मरायला लागल्या त्या 2022 पासून, हे ऐकून घ्यायला हीच मैत्रीण तयार नव्हती. उलट आमचे शेजारी, निवृत्त इलेक्ट्रिशियन, पक्के रिपब्लिकन, एकाएकी पक्ष्यांच्या रोगांचे जाणकार झाले.

मिशिगन विद्यापीठ दर महिन्याला लोकांना अर्थव्यवस्था कशी वाटते हे विचारतं. 2024 च्या नोव्हेंबरात निवडणुकीचा निकाल लागला, ट्रम्प जिंकले आणि रिपब्लिकनांना एकदम बरे दिवस दिसू लागले, डेमोक्रॅटांना वाईट. सत्तांतराला अजून दोन महिने होते! पगार तोच, भाडं तेच. त्यामुळे ‘अमेरिकन जनता राष्ट्राध्यक्षावर नाराज’ अशी बातमी तुम्ही तिकडे वाचता तेव्हा त्यातली निम्मी नाराजी शपथविधीच्या तारखेवर ठरलेली असते, असं माझं मत झालंय. टीका खरी की खोटी हा प्रश्नच मागे पडतो. टीका कोणाच्या माणसावर आहे तेवढंच बघितलं जातं.

आत्या फोनवर विचारते, ‘‘अगं, तिकडे थेट राष्ट्राध्यक्षाला शिव्या देतात आणि कोणी पकडत नाही?’’ नाही पकडत, आत्या. 2021 च्या ऑक्टोबरात अलाबामात टॅलाडेगाला मोटारींच्या शर्यतीनंतर प्रेक्षक बायडेन यांच्या नावाने अर्वाच्य घोषणा देत होते. विजेत्या ब्रँडन ब्राऊनची मुलाखत घेणारी वार्ताहर म्हणाली, लोक ‘लेट्स गो ब्रँडन’ ओरडतायत. झालं! शिवीला सोज्वळ नाव मिळालं आणि ते टी-शर्टवर, टोप्यांवर, गाड्यांच्या काचांवर चढलं. 2025 च्या जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरात ट्रम्प यांच्याविरोधात ‘नो किंग्ज’ची, म्हणजे ‘राजा नको’ची, निदर्शनं झाली तेव्हा आमच्या चौकात घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या आज्यांच्या हातात ट्रम्प यांच्याबद्दल जे फलक होते, त्यातले काही इथे लिहिणं मला जमणार नाही.

हे स्वातंत्र्य मात्र आयतं मिळालेलं नाही. फिलाडेल्फिया आमच्यापासून तासाभरावर. 1798 मध्ये ती देशाची राजधानी होती आणि जॉन अ‍ॅडम्स राष्ट्राध्यक्ष होते. बेंजामिन फ्रँकलिन यांचा नातू बेंजामिन बाख तिथे ‘अरोरा’ नावाचं वर्तमानपत्र काढायचा आणि अ‍ॅडम्सना सोलून काढायचा. त्याला अटक झाली. खटला उभा राहण्याआधीच तो पीतज्वराने गेला. त्याच वर्षी राजद्रोहाचा कायदा आला आणि व्हरमाँटचा खासदार मॅथ्यू लायन राष्ट्राध्यक्षांवर टीका केली म्हणून चार महिने तुरुंगात गेला, वर 1000 डॉलर दंड. मतदारांनी काय करावं? त्याला तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं. पुढे अ‍ॅडम्स निवडणूक हरले आणि 1801 मध्ये तो कायदाही संपला. टिळकांना याच नावाच्या गुन्ह्यासाठी मंडालेला पाठवलं त्याच्या शंभरेक वर्षं आधीची ही गोष्ट.

आता तुरुंग नाही, उलट कमाई आहे. 2009 च्या सप्टेंबरात ओबामा संसदेत आरोग्य विम्यावर बोलत असताना साउथ कॅरोलायनाचे रिपब्लिकन खासदार जो विल्सन बाकावरून ओरडले, ‘तुम्ही खोटं बोलताय!’ त्यांनी माफी मागितली, सभागृहाने ठपकाही ठेवला. पण काही दिवसांत त्यांच्याकडे दहा लाख डॉलरहून जास्त देणग्या आल्या. त्यांच्या विरोधी उमेदवाराकडेही पैशांचा पाऊस. मग गप्प कोण बसेल? 2020 मध्ये ट्रम्प यांचं भाषण संपताच त्यांच्या मागे बसलेल्या डेमोक्रॅट सभापती नॅन्सी पेलोसींनी भाषणाची प्रत सगळ्यांसमोर फाडली. 2025 च्या मार्चमध्ये ट्रम्प यांच्या भाषणात टेक्सासचे डेमोक्रॅट खासदार अल ग्रीन काठी उगारत उभे राहिले आणि त्यांना सभागृहाबाहेर काढलं. ज्याच्या त्याच्या पक्षात ज्याचा त्याचा जयजयकार.

राष्ट्राध्यक्षाचं यात फार काही बिघडत नाही. बिघडतं ते गल्लीत. 1960 च्या एका पाहणीत, मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल असं म्हणणारे शंभरात पाचेक होते. 2010 मध्ये रिपब्लिकनांत 49 टक्के आणि डेमोक्रॅटांत 33 टक्के. आपल्याकडे स्थळ आलं की जी चौकशी आडवळणाने होते, तशी इथे पक्षाची होते.

आम्ही राहतो ती पेनसिल्व्हेनियातली बक्स काउंटी. 2024 मध्ये ट्रम्प इथे तीनशेच्याही आत मतांनी जिंकले, चार लाखांच्या आसपास मतदान होऊन. 1988 नंतर पहिल्यांदाच रिपब्लिकन उमेदवार इथून पुढे गेला. म्हणजे प्रत्येक दुसरं घर पलीकडचं. त्या वर्षी हॅलोवीन निवडणुकीच्या पाच दिवस आधी आला. आमच्या इलेक्ट्रिशियन आजोबांनी नेहमीप्रमाणे मोठी, पूर्ण आकाराची चॉकलेटं आणली होती. पोरांत त्यांचं घर त्यासाठीच प्रसिद्ध. अंगणात भोपळ्यांशेजारी ट्रम्प यांचा झेंडा. समोरच्या घरातली आई, जिच्या अंगणात डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस यांची पाटी होती, तिने स्पायडरमॅन झालेल्या पोराचा दंड धरला आणि त्याला त्या दारावरून पुढे नेलं. पोरगं मागे वळून चॉकलेटांच्या पातेल्याकडे बघत होतं. आजोबांनी हात वर केला, तिनेही केला. वर्षभरापूर्वी तिच्या दारातला बर्फ याच आजोबांनी काढला होता.

आपल्या मंडळींचं अजून वेगळं. ज्यांच्याकडे नागरिकत्व आहे ते मनसोक्त भांडतात. जे ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत ते मान डोलावतात. 2025 मध्ये विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी खुली ठेवायला सांगितल्यापासून तर आमच्या ओळखीतली बरीच तरुण मंडळी फक्त जेवणाचे फोटो टाकतात. पाहुण्याला शिवी महाग पडू शकते, हे आत्याला मी नंतर सांगितलं.

2025 च्याच 19 सप्टेंबरला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जावर 1 लाख डॉलर शुल्क लावल्याची बातमी आली तेव्हा मात्र मराठी ग्रुपवर रात्रभर शिमगा झाला. कोणी सुट्टीवर पुण्यात, परत यायचं की नाही कळेना. कोणी म्हणे विमानातून उतरतायत लोक. ट्रम्पना मत दिलेले एक काका ‘थांबा, नीट वाचा’ म्हणत राहिले आणि पोरं त्यांच्यावर तुटून पडली. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना आहे. काका बरोबर निघाले, पण त्यांचं कौतुक करायला कोणी उरलं नव्हतं. अ‍ॅडमिनने राजकारण बंद केलं होतं. आता ग्रुपवर भाड्याच्या खोल्या, मोदकांचे साचे आणि बेबीसिटर एवढंच चालतं.

त्या काकांच्या घरात काकू कट्टर डेमोक्रॅट आहेत. एकमेकांची मतं खोडायला दोघं दर निवडणुकीला एकाच गाडीतून जातात. ‘‘घरी बसलो असतो तरी हिशेब तोच,’’ काका म्हणतात. ‘‘मग बसा तुम्ही,’’ असं काकूंचं उत्तर तयार असतं, आणि दोघांपैकी कोणीही अजून बसलेलं नाही.