फ्रीटाउनची सावर

२४ मे, फोंडा

२०२३ साली आजच्याच तारखेला, वादळी पावसाच्या रात्री फ्रीटाउनची सावर कोसळली. सिएरा लिओनच्या राजधानीत, ऐन भरवस्तीत उभं असलेलं सुमारे चारशे वर्षांचं झाड, सत्तर मीटर उंच. उरला तो बुंधा. आपल्याकडच्या लाल फुलांच्या काटेसावरीच्या कुळातली ही पांढरी सावर. माझा मामा तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, त्याच्याकडून मला हे झाड पहिल्यांदा कळलं. जुन्या लाइफजॅकेटांत याच जातीचा कापूस भरत, कारण तो पाण्यात बुडत नाही.

ते झाड पडल्याचं वाचलं तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं होतं. आजही तसंच वाटतं आहे, म्हणून लिहून ठेवते.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात आमच्याकडे या, गुलामीतून सुटाल, असा शब्द इंग्रजांनी काळ्या माणसांना दिला होता. इंग्रज हरले आणि यांना कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या थंडीत नेऊन सोडलं. जमिनींचं वचन बहुतेकांच्या वाट्याला आलंच नाही. त्यांच्यातलाच थॉमस पीटर्स थेट लंडनला जाऊन गाऱ्हाणं घालून आला. मग जानेवारी १७९२ मध्ये तिथल्या हॅलिफॅक्स बंदरातून पंधरा जहाजं सिएरा लिओनकडे निघाली, त्यांत सुमारे बाराशे माणसं. काहींचा तर जन्मच आफ्रिकेतला. साखळदंडांत नेलेली, आता आपल्या पायांनी परतणारी. मार्चमध्ये किनाऱ्याला लागल्यावर ती चालत या सावरीखाली गेली, स्तोत्रं गायली, देवाचे आभार मानले, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तिथून फ्रीटाउन सुरू झालं. पुढे ते झाड देशाच्या नोटांवरही आलं.

आम्हा अंत्रुजकरांना, म्हणजे फोंडा भागातल्या लोकांना, हे परकं वाटू नये. १५६० मध्ये, पोर्तुगीजांच्या काळात, आमचा देव मंगेश कुशस्थळीहून झुआरी ओलांडून प्रियोळला आला, तो माणसांच्या खांद्यावरूनच. मागे देऊळ पडत होतं, पुढे काय आहे ठाऊक नव्हतं. अशा माणसांना पहिली सावली देणाऱ्या झाडाचं मोल मला कुठल्याही कोटाबुरुजाहून मोठं वाटतं.

एक गोष्ट मात्र टोचते. ती भूमी तिथल्या मूळच्या तेम्ने लोकांची होती. जहाजं आली तेव्हा सावर दीडेकशे वर्षांची असेल आणि तिच्या सावलीत आधीही कुणीतरी बसत असणारच. ‘शहर वसवलं’ या दोन शब्दांत ती माणसं पुसली जातात. आमच्या काही गावांत अजून जल्म्याला, म्हणजे मूळ रहिवाशांच्या पुजाऱ्याला, मान आहे, जमीन आधी कुणी कसली त्याची तेवढी तरी आठवण राहते.

क्युबातल्या हवानाचीही अशीच सावर आहे. १५१९ मध्ये तिच्याखाली पहिली प्रार्थना आणि पहिली नगरसभा झाली, अशी तिथली परंपरा. मूळ झाड केव्हाच गेलं, तरी लोकांनी त्याच जागी पुन्हापुन्हा नवं लावलं. दर नोव्हेंबरात, शहराच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, ते झाडाला तीन प्रदक्षिणा घालून मनातलं मागतात, आमच्या वटपौर्णिमेसारखं.

फ्रीटाउनलाही तसं व्हावं, असं मला फार वाटतं. बुंधा राहू दे, पण शेजारी त्याच जातीचं रोप लागू दे. आणि ते लावताना पहिला मान तेम्ने वडीलधाऱ्यांना द्यावा.