तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिएन्नात एकच दिवस, आणि तो दफनभूमीत?

व्हिएन्नाहून परतल्यापासून आप्तांनी आणि मित्रांनी हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला आहे, की एकदा सविस्तर उत्तर लिहून ठेवावे असे वाटले. हाताशी एकच मोकळा दिवस होता, तर राजवाडे आणि चित्रसंग्रहालये सोडून कबरी पाहत का फिरलात, असे सगळ्यांचे म्हणणे.

माझे लहानपण मिरजेत गेले. तेथे मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गाणारे-वाजवणारे येऊन सेवा रुजू करतात. त्याला आमच्याकडे हजेरी लावणे म्हणतात. वडिलांच्या मांडीवर बसून मी ती गाणी ऐकली आहेत. समोर श्रोते कितीही असले, तरी गाणारा खाँसाहेबांना गाणे ऐकवतो आहे, असे वडील सांगत. त्यामुळे गवयाची कबर मला कधीच उदास वाटली नाही, आणि ज्यांच्या संगीतावर मी गेली तीस वर्षे प्रेम केले ते व्हिएन्नात विसावलेले असताना तेथे न जाता परत येणे मला शक्य नव्हते.

या फिरण्याचा बराचसा भाग ७१ क्रमांकाच्या ट्रामने होतो. कुणी वारले की 'तो ७१ ने गेला' असे व्हिएन्नाचे लोक म्हणतात, कारण ही ट्राम मध्यवर्ती दफनभूमीकडे जाते. मी वाटेत आधी झांक्ट मार्क्स येथे उतरलो. १७८४ साली सुरू झालेली ही जुनी दफनभूमी १८७४ साली बंद झाली आणि आता ती बागेसारखी राखली आहे. एप्रिलच्या अखेरीस लायलॅकची जांभळी झुडपे इतकी फुललेली होती, की त्यांच्याआडच्या शिळांवरची नावे वाचण्यासाठी फांद्या हाताने बाजूला साराव्या लागत होत्या. येथेच कोठेतरी संगीतकार मोझार्ट आहे. 'कोठेतरी' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. १७९१ च्या डिसेंबरात त्याला येथे पुरले, त्या काळी सम्राट दुसऱ्या योसेफने अंत्यविधी साधेपणाने करण्याचे नियम घातलेले होते. सामान्य नागरिकाच्या कबरीवर खूण न ठेवण्याची रीत होती आणि काही वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरली जाई. त्याला भिकाऱ्यासारखे सामुदायिक खड्ड्यात टाकले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे, परंतु ती खरी नाही, आणि एवढ्या आवडत्या माणसाबद्दल ती पुन्हा पुन्हा सांगितली जावी याचे मला मनापासून वाईट वाटते. आज त्या अंदाजाच्या जागी एक तुटका खांब आहे आणि त्याला टेकून हातावर डोके ठेवलेला एक लहान देवदूत. इतर कबरींच्या टाकून दिलेल्या भागांतून ते स्मारक जुळवलेले आहे. देवदूताच्या पायाशी कुणीतरी काचेच्या बरणीत मेणबत्ती लावून ठेवली होती. वारा असूनही ती विझलेली नव्हती.

तेथून पुन्हा ७१ धरून मध्यवर्ती दफनभूमीच्या दुसऱ्या फाटकाशी उतरावे. ही दफनभूमी १८७४ च्या नोव्हेंबरात उघडली. सुमारे अडीच चौरस किलोमीटरची ही जागा तेव्हा शहरापासून फार दूर आणि उजाड होती, आपली माणसे तेथे न्यावीत असे लोकांना वाटत नसे. म्हणून १८८१ पासून नगरपालिकेने मान्यवरांसाठी तेथे सन्मानाच्या कबरी राखून ठेवल्या आणि १८८८ साली बीथोव्हन आणि शूबर्ट यांना त्यांच्या मूळ कबरींतून काढून तेथे आणले. लोकांना बोलावण्यासाठी संगीतकारांना हलवावे लागले, आणि लोक खरोखरच आले. ३२ अ या विभागात मध्यभागी मोझार्टचे स्मारक आहे. खाली तो नाही, ते स्मारकही झांक्ट मार्क्सहून हलवलेले. त्याच्या मागे एका बाजूला बीथोव्हन आणि दुसऱ्या बाजूला शूबर्ट. बीथोव्हनच्या पांढऱ्या सुळक्यावर केवळ आडनाव कोरलेले आहे. वर स्वतःची शेपटी तोंडात धरलेला सोनेरी साप आणि त्या वेटोळ्यात एक फुलपाखरू. कबरीच्या कठड्यावर सुरावटीच्या रेघा छापलेल्या कागदाची एक पट्टी खड्याखाली दाबून ठेवलेली होती आणि तिच्यावर पेन्सिलीने चारच स्वर लिहिलेले होते. मी त्या कागदाला हात लावला नाही.

जवळच ब्राम्स आणि योहान श्ट्राउस शेजारी शेजारी आहेत. हा शेजार मला या दफनभूमीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, कारण ते हयातीतही मित्र होते. श्ट्राउसच्या पत्नीने सही मागितली तेव्हा ब्राम्सने श्ट्राउसच्याच 'ब्लू डॅन्यूब' या प्रसिद्ध रचनेचे पहिले स्वर लिहून खाली 'दुर्दैवाने योहानेस ब्राम्सचे नव्हे' असे लिहिले होते. असे मोकळे कौतुक आपल्या मैफलींतही दुर्मीळच.

परतताना श्टाट पार्कमध्ये श्ट्राउसचा सोनेरी पुतळा पाहिला. तेथे गर्दी फार होती. मी थोडाच थांबलो. मला शहराच्या व्हेरिंग या भागात जायचे होते. शॉटनटोरहून ४० किंवा ४१ ची ट्राम तेथे नेते. बीथोव्हन आणि शूबर्ट यांना पहिल्यांदा पुरले होते त्या दफनभूमीची १९२५ साली बाग केली आणि तिला शूबर्टचे नाव दिले. दोघांच्या मूळ शिळा मात्र जागच्या जागी राहू दिल्या. मुले चेंडू खेळत होती आणि बाकांवर आजी-आजोबा बसले होते. १८२७ च्या मार्चमध्ये बीथोव्हनच्या अंत्ययात्रेत शूबर्ट हाती मशाल घेऊन चालला होता. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात, वयाच्या ३१ व्या वर्षी, तो त्याच्या जवळच येऊन विसावला. त्याच्या शिळेवर कवी ग्रिलपार्त्सरने लिहिलेली ओळ आहे: संगीताने येथे मोठा ठेवा पुरला, पण त्याहूनही सुंदर आशा. ही ओळ लिहिली गेली तेव्हा शूबर्टची कितीतरी कामे लोकांनी ऐकलेलीच नव्हती. मृत्यूच्या दोनएक महिने आधी त्याने लिहिलेले स्ट्रिंग क्विंटेट, म्हणजे दोन चेलोंसह पाच तंतुवाद्यांची रचना, पहिल्यांदा जाहीरपणे वाजले ते १८५० साली, म्हणजे तो गेल्यानंतर बावीस वर्षांनी. ज्याला ते आशा समजत होते, तो ठेवा अगोदरच लिहून झालेला होता.

मला गाता येत नाही. त्या शिळेसमोरच्या बाकावर बसून मी इयरफोन लावले आणि त्या क्विंटेटचा संथ भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला. तो चौदा-पंधरा मिनिटांचा आहे. संपला तेव्हा मुले घरी गेली होती आणि ट्रामचे दिवे लागले होते.