द्रुत स्वच्छ ऐकू यावी म्हणून : जुन्या एमसी कार्ट्रिजची दुरुस्ती

मामांचं सुपेक्स एसडी-९०० हे कार्ट्रिज (टर्नटेबलच्या आर्मच्या टोकाला बसणारा, सुईची थरथर विजेच्या लहरींत बदलणारा भाग) दुरुस्तीला पाठवण्याआधी त्यातलं नेमकं काय संपलंय, ते कळायला हवं होतं. सुई झिजली असेल तर इलाज वेगळा, आतलं रबर गेलं असेल तर वेगळा, आणि कॉइल तुटलं असेल तर तो मामलाच निराळा. मामा सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये डॉक्टर होते. हे जपानी कार्ट्रिज त्यांनी तिथंच घेतलं आणि अंबाजोगाईला परतताना टेक्निक्सच्या टर्नटेबलसोबत आणलं. सुपेक्स कंपनी कधीच बंद पडली. ज्या सुगानो योशिआकींचं नाव या कार्ट्रिजशी जोडलं जातं, त्यांनी पुढं कोएत्सु हे नाव उभं केलं. पण सुपेक्सचं जुनं देऊन नवं घ्यायला आता दार उरलेलं नाही.

कार्ट्रिजचे मुख्य प्रकार दोन. एमएम म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट, या प्रकारात चुंबक सुईच्या दांडीला असतं आणि कॉइल बॉडीत बसवलेलं. म्हणून सुईचा भाग बोटांनी ओढून काढता येतो आणि नवा लावता येतो. एमसीमध्ये, म्हणजे मूव्हिंग कॉइलमध्ये, हे उलटं. चुंबक बॉडीत पक्कं, आणि केसापेक्षा बारीक तारेची कॉइलं सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला. दांडी रबराच्या चकतीवर टेकलेली, मागून एका तारेनं ताणून धरलेली. सुई बदलायची म्हणजे हे सगळं उघडायचं, आणि ते घरच्या टेबलावर होण्यासारखं काम नाही.

तक्रार कानाला आधी कळली. आमच्याकडच्या तबकड्या बहुतेक ख्यालाच्या, काही नाट्यसंगीताच्या. विलंबित छान वाजायचं. द्रुत सुरू झाली की ताना एकमेकींत मिसळायच्या आणि ‘स’, ‘श’ फुत्कारल्यासारखे यायचे. याला कारण आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ जेमतेम २१. तोच सूर आत आला की अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. आपल्या संगीताची रचनाच अशी, की सगळ्यात वेगवान, सगळ्यात अवघड गाणं तबकडीच्या त्याच अरुंद भागात येतं. झिजलेली सुई तिथंच हरते.

दोन्ही बाजूंचा आवाज सारखा येत होता, म्हणजे कॉइलं शाबूत होती. एमसीच्या कॉइलला मल्टीमीटर लावणं मी टाळलंच. सुई पाहायला परभणीला गेलो. तिथं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकवणारा माझा मित्र आहे. किडींचे पाय आणि पंख बघायचा त्यांचा स्टीरिओ सूक्ष्मदर्शक या कामाला अगदी योग्य, कारण उजेड वरून आणि बाजूनं देता येतो. कॉलेजातल्या साध्या सूक्ष्मदर्शकात खालून उजेड येतो, त्यात हिऱ्याची नुसती सावली दिसते. दिवा तिरका करत गेलो तसे टोकाच्या दोन्ही अंगांना दोन चपटे पैलू चमकले. नवीन सुईला ते नसतात. शिवाय चुंबकाच्या फटीत लोखंडाचा बारीक काळा कीस चिकटलेला होता आणि दांडी बॉडीच्या पोटाकडे झुकली होती. रबर खचलं होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४२-४४ ला जातो, आणि रबराचं वय कपाटात ठेवूनही वाढतच असतं. म्हणजे नुसता हिरा बदलून भागणार नव्हतं.

इंग्लंडमधल्या एका छोट्या कार्यशाळेला फोटो आणि सगळं वर्णन पाठवलं. तिथल्या कारागिरानं तीन पर्याय दिले. जुन्याच दांडीवर नवा हिरा चिकटवायचा. किंवा बोरॉनची दांडी, वर एकदम बारीक धारेचा हिरा आणि नवं रबर. किंवा मूळ होती तशी ॲल्युमिनियमची दांडी, लाइन कॉन्टॅक्ट (खाचेला रेषेत टेकणारा) हिरा आणि नवं रबर. कॉइलं आणि चुंबक तिन्हींत मूळचीच राहणार होती.

इथं माझा आणि मामांचा बराच काथ्याकूट झाला. बोरॉन हलकं आणि ताठ, बारकावे जास्त दाखवतं, यात शंका नाही. मामांचं म्हणणं साधं होतं : “हे बघ, आवाज बदलला तर मला चालायचं नाही. नवा आवाज पाहिजे असंल तर नवं कार्ट्रिज घे की.” मला ते पटलं. कार्ट्रिजचा स्वभाव कॉइल आणि चुंबकात जेवढा असतो, तेवढाच दांडीच्या धातूत आणि रबराच्या मऊपणात असतो. दांडीही बदलली, रबरही निराळं घातलं, तर उरतं ते सुपेक्सच्या डबीतलं दुसरंच काहीतरी. दांडी ॲल्युमिनियमचीच ठेवायची ठरलं.

हिऱ्याच्या आकाराबाबत मात्र मी हट्ट धरला. “मामा, आपल्या तबकड्या जुन्या गोल सुयांनी झिजल्यात,” मी म्हणालो. गोल टोक खाचेच्या भिंतीला एका ठिपक्यावर टेकतं आणि तेवढीच जागा घासत राहतं. लाइन कॉन्टॅक्टचा हिरा भिंतीला उभ्या रेषेत टेकतो. जिथं जुनी सुई कधी पोचलीच नाही, तिथली शाबूत भिंतही तो वाचतो. हा प्रकार आला सत्तरच्या दशकात, जपानच्या जेव्हीसी कंपनीच्या सीडी-४ या चार स्पीकरांच्या पद्धतीसाठी. त्या तबकड्यांतल्या अतिउच्च लहरी साध्या सुईला वाचता येत नव्हत्या, म्हणून हिऱ्याचा शिबाता नावाचा हा आकार निघाला. चार स्पीकरांचं ते खूळ गेलं, हिरा राहिला, आणि आमच्या द्रुतीच्या कामी आला. मामा तयार झाले.

पाठवणीत घाई चालत नाही. कार्ट्रिज हेडशेलमधून (आर्मच्या टोकाच्या, कार्ट्रिज बसवायच्या भागातून) काढताना लाल, हिरवी, पांढरी, निळी या चार तारा चिमट्यानं सरळ मागं ओढल्या. लाल-हिरवी उजव्या बाजूची, पांढरी-निळी डाव्या. पिनांना डाग द्यायचा नाही. उष्णता आत जाते. सुईवर तिचं कव्हर घातलं, बॉडी एका टणक डबीत स्क्रूनं पक्की केली, आणि स्पंज फक्त डबीच्या बाहेरून. समोरून, बाजूनं आणि अनुक्रमांकाचे असे स्वच्छ फोटो काढून ठेवले. पोस्टातल्या काउंटरवरच्या साहेबांना ही काय वस्तू आहे ते समजावायला थोडा वेळ लागला, पण त्यांनी सीमाशुल्काचा फॉर्म स्वतः तपासून दिला. त्यावर ‘दुरुस्तीसाठी, परत येणार’ असं लिहिलं आणि अनुक्रमांकही टाकला.

त्याचा उपयोग परतीला झाला. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेली वस्तू परत येते तेव्हा, ती तीच आहे हे दाखवता आलं तर शुल्क वस्तूच्या पूर्ण किमतीवर नाही, दुरुस्तीचा खर्च आणि जाण्यायेण्याचं भाडं व विमा यांवर लागतं. कागद मागवले गेले. फोटो, पोस्टाची पावती आणि कार्यशाळेचं बिल पाठवलं आणि पार्सल सुटलं. ज्यांना असं काही पाठवायचंय त्यांनी जातानाचे कागद जपावेत. तिकडचं काम मात्र पावसाळाभर रेंगाळलं, कारण रांग मोठी होती, आणि इतक्या बारीक हातकामाला ती असायचीच.

लाइन कॉन्टॅक्टचा हिरा तिरका बसला तर गोल सुईपेक्षा वाईट वाजतो, म्हणून जुळणीला पूर्ण दिवस दिला. नवीन दांडीची लांबी अगदी मूळच्याइतकी नसते, त्यामुळं जुन्या खुणांवर विसंबून भागत नाही. सोनाराकडं असतो तसल्या छोट्या डिजिटल काट्यावर सुईचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास आणलं. तबकडीवर लहान आरसा ठेवून, समोरून सुई आणि तिचं प्रतिबिंब एका रेषेत येईपर्यंत हेडशेल फिरवलं. कार्ट्रिज खाचेशी कोणत्या कोनात बसवायचं, त्यासाठी स्टीव्हन्सनची मांडणी घेतली. बरेच जण बेअरवाल्डची घेतात, ती आवाजातली विकृती पूर्ण तबकडीवर सारखी वाटून देते. स्टीव्हन्सनची मांडणी लेबलजवळच्या शेवटच्या खाचांना सगळ्यात जास्त सांभाळते, आणि ख्याल ऐकणाऱ्याला तेच हवं. टेक्निक्सच्या आर्मची मूळ भूमितीही त्याच्याच जवळची आहे.

मामांनी मल्लिकार्जुन मन्सूरांची एलपी काढली आणि सरळ दुसरी बाजू लावायला सांगितली. शेवटच्या तानांमधला प्रत्येक सूर सुटा ऐकू आला, आणि मागचा तबला मुठीत गुंडाळल्यासारखा वाटायचा तो मोकळा झाला. खर्ज सुरुवातीला जरा आखडलेला होता. नवीन रबर रुळायला काही तास वाजवावं लागतं, हे कारागिरानं आधीच लिहिलं होतं, आणि दिवाळीपर्यंत तोही भरून आला. मामांचं मत : “आवाज आपलाच आहे. नुसती धूळ झटकल्यागत झालंय.”

आता टर्नटेबलशेजारी वही ठेवली आहे. किती बाजू वाजल्या ते मामा तीत टिंबं देऊन मांडतात. हजार तासांच्या आधीच सुई पुन्हा परभणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली न्यायची. उन्हाळ्यात कार्ट्रिज माळ्यावरच्या खोलीतून खाली, दगडी भिंतींच्या खोलीत येतं. कॉइलं चांगली आहेत, अजून एकदा सुई सहज बदलता येईल, असं कारागिरानं बिलाखाली हातानं लिहून पाठवलंय. ते बिल वहीतच डकवलं आहे.