तापणारा ट्रान्सफॉर्मर आणि निर्दोष गुंडाळी

आजोबांच्या काळातला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर सुरू केल्यावर वीस मिनिटांतच पॉवर ट्रान्सफॉर्मरला हात लावणे अशक्य होई आणि वॉर्निशचा करपट वास येई, त्यामुळे गुंडाळीच जळाली, असे मी जवळजवळ ठरवून टाकले होते. तरीही रेक्टिफायरसह (एसीचे डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हसह) सर्व व्हॉल्व्ह काढून, ६० वॅटचा जुना तारेचा दिवा सिरीजमध्ये जोडून वीज दिली. गुंडाळीचे वेढे आतून शॉर्ट असते, तर दिवा प्रखर पेटला असता. तो जेमतेम लालसर झाला. पुढे दिव्याविना तासभर चालवूनही ट्रान्सफॉर्मर कोमटच राहिला. म्हणजे दोष भारात, ट्रान्सफॉर्मरकडून वीज घेणाऱ्या सर्किटमध्ये होता.

ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (करंट नियंत्रित करणाऱ्या जाळीवर) शून्याच्या आसपास व्होल्टेज हवे असताना मीटरने अधिक ४ व्होल्ट दाखवले. डीसी अडवणारा कागदी कपलिंग कपॅसिटर डीसी गळू देत होता, त्यामुळे बायस (करंट मर्यादेत ठेवणारे ग्रिडचे व्होल्टेज) ढळून व्हॉल्व्ह अव्वाच्या सव्वा करंट ओढत होता. फ्यूज वितळायला हवा होता, पण कुणीतरी तिथे जाड तार बसवली होती; या सवयीचा मला मनस्वी राग आहे.

बंद केल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट उरू शकतात, म्हणून ते रेझिस्टरमधून रिकामे करून, मीटरने खात्री करून, मगच गळक्या कागदी कपॅसिटरच्या जागी ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर आणि योग्य फ्यूज बसवला.